विश्लेषण : पांढराशुभ्र ॲनिमोन सुंदर की उपाशी? खाऱ्या पाण्याच्या टाकीतील ‘ब्लीचिंग’ कसे ओळखावे, काय करावे?

‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट २००३ मध्ये आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश जगभरातील घरांत ओळखीचा झाला. खाऱ्या पाण्याची टाकी मांडणाऱ्या हौशी मंडळींची पहिली पसंती आजही हाच मासा असतो आणि त्यापाठोपाठ मागणी होते ती त्याच्या ‘घरा’ची, म्हणजे सी ॲनिमोनची. दुकानातील निळ्या दिव्याखाली पांढराशुभ्र, टोकांना जांभळी झाक असलेला ॲनिमोन सर्वांत देखणा दिसतो. प्रत्यक्षात त्या टाकीतील सर्वांत आजारी जीव बहुतेकदा तोच असतो. हा पांढरेपणा म्हणजे वेगळी जात किंवा दुर्मीळ रंग नव्हे. ते ‘ब्लीचिंग’, म्हणजेच विरंजन असते. असा ॲनिमोन कसा ओळखायचा, तो वाचू शकतो का आणि त्यासाठी काय करावे लागते, याविषयी...

ॲनिमोन नेमका काय असतो?

मराठीत समुद्रपुष्प म्हटला जाणारा ॲनिमोन फुलासारखा दिसत असला तरी तो प्राणी आहे. प्रवाळ आणि जेलीफिश हे त्याचे नातेवाईक. खाली खडकाला किंवा वाळूत घट्ट धरणारा ‘पाय’, मध्ये खांबासारखे शरीर, वर चकती, चकतीच्या मधोमध तोंड आणि भोवती बोटांसारखे स्पर्शक अशी त्याची रचना असते. स्पर्शकांवर असंख्य दंशपेशी असतात. त्यांच्या मदतीने तो लहान मासे, कोळंबी, तरंगते सूक्ष्म जीव पकडतो. त्याला गुदद्वार वेगळे नसते. अन्न ज्या तोंडातून आत जाते, त्याच तोंडातून टाकाऊ भागही बाहेर येतो.

जगात ॲनिमोनच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतील जेमतेम दहाच्या आसपास जाती क्लाऊनफिशला आसरा देतात. टाकीसाठी विकले जाणारे बबल टिप, सेबे, कार्पेट, लाँग टेंटॅकल आणि मॅग्निफिसंट हे ॲनिमोन याच गटातले. या सगळ्यांच्या शरीरात एक भाडेकरू राहतो आणि त्यांचे आयुष्य बऱ्याच अंशी त्याच्यावर अवलंबून असते.

हा भाडेकरू कोण?

ॲनिमोनच्या पेशींमध्ये ‘झूझॅन्थेली’ नावाची सूक्ष्म, एकपेशीय शैवाले राहतात. त्यांचा रंग सोनेरी-तपकिरी असतो. ती प्रकाशसंश्लेषण करून शर्करा आणि इतर पोषक द्रव्ये तयार करतात आणि त्यांतील बराच वाटा ॲनिमोनला मिळतो. बदल्यात ॲनिमोन त्यांना सुरक्षित जागा, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःच्या उत्सर्जनातील नायट्रोजन, फॉस्फरस पुरवतो. उथळ, स्वच्छ, उष्णकटिबंधीय समुद्रात अन्न कमी आणि ऊन भरपूर असते. तिथे ही भागीदारी फायद्याची ठरते.

त्यामुळे निरोगी ॲनिमोनचा मूळ रंग बहुधा तपकिरी, खाकी किंवा गडद असतो. हिरवा, गुलाबी, लाल, जांभळा हे आकर्षक रंग ॲनिमोनच्या स्वतःच्या रंगद्रव्यांचे असतात आणि ते या तपकिरी थरावर उठून दिसतात. तपकिरी थर गेला की उरतो तो पारदर्शक किंवा दुधाळ ऊतींचा भाग. हेच विरंजन. शैवाले पेशींतून बाहेर टाकली जातात किंवा त्यांतील हरितद्रव्य नष्ट होते. ॲनिमोन त्याच क्षणी मरत नाही. पण त्याचा रोजचा शिधा बंद झालेला असतो. मग तो स्वतःच्याच ऊती वापरून जगू लागतो आणि आठवड्यागणिक आकाराने लहान होत जातो.

विरंजन का होते?

सर्वांत परिचित कारण म्हणजे उष्णता. पाणी सहन होण्यापलीकडे तापले आणि वर प्रकाशही तीव्र असला, की शैवालांची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते. त्यातून पेशींना घातक असे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात. आपलेच नुकसान होऊ लागल्यावर ॲनिमोन शैवाले बाहेर टाकतो.

टाकीत मात्र उष्णतेखेरीज इतरही कारणे असतात. समुद्रातून पकडल्यानंतर ॲनिमोन अनेक दिवस अंधाऱ्या पिशव्यांत, गोदामांत आणि अपुऱ्या प्रकाशाच्या टाक्यांत काढतो. शैवालांना प्रकाशच मिळत नाही. याउलट, मंद प्रकाशाची सवय झालेला ॲनिमोन घरी आणून एकदम शक्तिशाली एलईडीखाली ठेवला तरी तोच परिणाम होतो. पाण्याची क्षारता अचानक बदलणे, माशांच्या औषधातील तांबे टाकीत उतरणे, अमोनिया वाढणे हीदेखील कारणे आहेत. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर गेले तर शैवालांना खत मिळत नाही आणि रंग फिका पडू लागतो. म्हणजे पाणी घाण असूनही चालत नाही आणि ‘अतिस्वच्छ’ असूनही चालत नाही.

दुकानात ते कसे ओळखावे?

पहिली युक्ती साधी आहे. दुकानदाराला निळे दिवे बंद करून पांढरा दिवा लावायला सांगावे. निळ्या प्रकाशात ॲनिमोनमधील चमकणारी प्रथिने उजळतात आणि शैवाले गमावलेला ॲनिमोनही हिरवा किंवा गुलाबी दिसू शकतो. पांढऱ्या प्रकाशात खरी स्थिती कळते. शक्य असल्यास मोबाइलची बॅटरी लावून शरीराचा खांब आणि स्पर्शकांचे बुंधे पाहावेत. तिथे तपकिरी झाक असेल तर शैवाले शिल्लक आहेत. काचेसारखे आरपार दिसत असेल किंवा खडूसारखा पांढरेपणा असेल, तर विरंजन झाले आहे.

सेबे ॲनिमोनबाबत हा घोळ सर्वाधिक होतो. निरोगी सेबे तपकिरी किंवा खाकी रंगाचा असतो. स्पर्शकांची टोके जांभळी किंवा गुलाबी असू शकतात. पांढरे शरीर आणि जांभळी टोके असलेला ‘व्हाइट सेबे’ म्हणून जो विकला जातो, तो बहुतांश वेळा विरंजन झालेला सेबे असतो. गडद लिंबासारखा पिवळा किंवा शाईसारखा निळा ॲनिमोन दिसला तर अधिक सावध व्हावे. आधीच पांढऱ्या पडलेल्या ॲनिमोनला कृत्रिम रंग देऊन विकण्याचे प्रकार या व्यापारात जुने आहेत. हा रंग काही आठवड्यांत उतरतो. तोवर मात्र तो प्रकाश अडवतो आणि उरल्यासुरल्या शैवालांचेही नुकसान करतो.

रंगाखेरीज आणखी चार गोष्टी पाहाव्यात. तोंड घट्ट मिटलेले असावे. ते सैल, उघडे आणि बाहेर उलटलेले असेल तर प्रकृती गंभीर आहे. पाय कशाला तरी धरून असावा आणि त्यावर चीर नसावी. फाटलेल्या पायाचा ॲनिमोन अनेकदा वाचत नाही. स्पर्शक चिकट असावेत. दुकानदाराने खाऊचा तुकडा लावून दाखवल्यास तो धरला जातो का, ते पाहावे. शेवटची गोष्ट, तो किती दिवसांपासून दुकानात आहे हे विचारावे. कालच आलेल्या ॲनिमोनपेक्षा दोन आठवडे तग धरून खाऊ लागलेला ॲनिमोन केव्हाही बरा.

घरातील ॲनिमोन आकसला म्हणजे विरंजन झाले का?

नाही. नवशिक्यांची सर्वाधिक धावपळ इथेच होते. ॲनिमोन आपल्या शरीरात पाणी भरून फुगतो आणि ते सोडून आकसतो. दिवसातून एखाद-दुसऱ्या वेळी, विशेषतः रात्री किंवा खाल्ल्यानंतर, तो रिकाम्या फुग्यासारखा लोळागोळा होणे स्वाभाविक आहे. काही तासांत तो पुन्हा फुलतो. तोंडातून तपकिरी, चिकट धाग्यासारखा पदार्थ अधूनमधून बाहेर पडणेही नेहमीचेच. तो टाकाऊ भाग किंवा जास्त झालेली शैवाले असतात.

काळजी कधी करावी? आकसलेली अवस्था सलग दोन-तीन दिवस टिकली, रंग आठवड्यागणिक फिका होत गेला, तपकिरी पदार्थ रोजच आणि भरपूर पडू लागला, पाय सुटून ॲनिमोन प्रवाहाबरोबर वाहू लागला किंवा तोंडातून पांढरे दोरे लोंबू लागले, तर काहीतरी बिघडले आहे. रोजच्या पाहण्यात हळूहळू होणारा बदल लक्षात येत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, पांढऱ्या प्रकाशात एक छायाचित्र काढून ठेवावे. महिन्याभराची चार छायाचित्रे शेजारी ठेवली की रंग आणि आकार कोणत्या दिशेने चालला आहे, ते स्पष्ट होते.

विरंजन झालेला ॲनिमोन वाचतो का?

वाचू शकतो. त्याच्या ऊतींत थोडी जरी शैवाले उरली असतील, तरी अनुकूल स्थितीत ती वाढून पुन्हा सर्वत्र पसरतात. मात्र हे काम दिवसांचे नाही, महिन्यांचे आहे. दोन ते सहा महिने लागणे नेहमीचेच असते. या काळात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. शैवाले परत येईपर्यंत ॲनिमोनला बाहेरून अन्न देऊन जगवणे आणि शैवालांना परतण्याजोगी परिस्थिती स्थिर ठेवणे. यासाठी कोणतेही जादूचे औषध नाही. बाटलीतली ‘रंग आणणारी’ द्रव्ये एकामागून एक ओतल्याने पाणी अस्थिर होते आणि अपायच जास्त होतो.

पाण्याचे गणित काय असावे?

तापमान २५ ते २७ अंश सेल्सियस, क्षारता प्रतिलिटर सुमारे ३५ ग्रॅम म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, पीएच ८.१ ते ८.४, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडे पण शून्याहून अधिक, साधारण २ ते १० पीपीएम. हे आकडे हौशी मंडळींत सर्वमान्य आहेत. पण आकड्यांपेक्षाही त्यांची स्थिरता महत्त्वाची. आज २४ आणि उद्या २८ अंश असण्यापेक्षा सतत २७ अंश असलेले बरे. क्षारता मोजायला तरंगत्या काट्याच्या स्वस्त साधनाऐवजी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा.

आपल्याकडे तीन अडचणी विशेष जाणवतात. पहिली उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्यातील बंद घरातली टाकी दिवे आणि पंपांच्या उष्णतेमुळे ३० अंशांच्या वर सहज जाते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. पण किनारपट्टीच्या दमट हवेत हा उपाय तोकडा पडतो आणि चिलर घ्यावाच लागतो. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. त्यामुळे घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरून काढावी लागते.

दुसरी अडचण नळाच्या पाण्याची. त्यातील क्लोरीन आणि धातूंचे अंश ॲनिमोनला मानवत नाहीत. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणी लावलेले पाणी वापरून त्यात समुद्री मीठ मिसळावे, पंप लावून दिवसभर ढवळत ठेवावे आणि मगच टाकीत घालावे. शहराजवळच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये भरून आणलेले पाणी फुकट असले तरी सांडपाण्यामुळे ते भरवशाचे नसते.

तिसरी अडचण वीज जाण्याची. पंप थांबला की पाण्यातील ऑक्सिजन झपाट्याने घटतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही किरकोळ वाटणारी खरेदी अशा वेळी सगळी टाकी वाचवते.

प्रकाश वाढवायचा की कमी करायचा?

ॲनिमोन पांढरा पडला म्हणजे प्रकाश कमी पडला, असे समजून दिवा पूर्ण क्षमतेने सुरू करणे ही नेहमीची चूक. शैवालांचा तपकिरी थर हा एक प्रकारे ॲनिमोनचा सूर्यरोधकही असतो. तो नसताना तीव्र प्रकाश पडला तर उरलेली मोजकी शैवालेही जातात. दिवा पूर्ण बंद ठेवणेही चूकच, कारण मग शैवाले वाढणार कशी?

मधला मार्ग असा. सुरुवातीला दिव्याची तीव्रता नेहमीच्या एक तृतीयांश ते निम्मी ठेवावी आणि तीन-चार आठवड्यांत थोडी थोडी वाढवत न्यावी. दिव्याची तीव्रता बदलता येत नसेल तर टाकीवर प्लास्टिकच्या बारीक जाळीचे तीन-चार थर टाकून दर पाच-सहा दिवसांनी एकेक थर काढावा. ॲनिमोन जागा बदलत स्वतःला हवा तसा प्रकाश शोधतो. म्हणून त्याला उपटून वारंवार ‘चांगल्या’ जागी बसवू नये. बबल टिपला खडकातील कपार लागते. सेबे आणि लाँग टेंटॅकल पाय खोल वाळूत रोवतात. मॅग्निफिसंटला उंच जागा आणि भरपूर प्रकाश हवा असतो.

ॲनिमोन फिरतो म्हणून टाकीतील प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंजचे किंवा जाळीचे आवरण हवेच. रात्रीत पंपात ओढला गेलेला ॲनिमोन सकाळी तुकड्यांत सापडणे हा या छंदातील अगदी परिचित अपघात आहे. त्यातून पाणी दूषित होऊन मासेही दगावतात.

खायला काय आणि किती द्यावे?

‘अशक्त आहे, भरपूर खाऊ घाला’ हा माणसांना लागू पडणारा सल्ला इथे उलटतो. मोठा घास पचवायलाच ॲनिमोनची बरीच शक्ती खर्च होते. पचला नाही तर काही तासांनी तो चिकट गोळा होऊन बाहेर येतो आणि टाकीत सडतो. त्यामुळे घास साबुदाण्याच्या दाण्याएवढा किंवा फार तर मटकीएवढा असावा. आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढाच खाऊ पुरे.

गोठवलेले मायसिस श्रिंप सर्वांत सोयीचे. ते नसेल तर बाजारातली ताजी, कच्ची कोळंबी सोलून, मीठ-हळद न लावता, शुद्ध पाण्यात धुऊन बारीक चिरावी. देताना पंप बंद करावा आणि लांब चिमट्याने किंवा ड्रॉपरने घास स्पर्शकांवर अलगद ठेवावा. तोंडात कोंबू नये. अशक्त ॲनिमोनची पकड मंद असते. क्लाऊनफिश आणि टाकीतील कोळंब्या तेवढ्यात घास पळवतात. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा अर्धा भाग कापून तो पंधरा-वीस मिनिटे ॲनिमोनवर घुमटासारखा ठेवला की प्रश्न सुटतो. अर्ध्या तासात न धरलेला खाऊ काढून टाकावा.

घास बाहेर टाकला गेला तर पुढच्या वेळी आकार निम्मा करावा आणि मध्ये तीन-चार दिवस जाऊ द्यावेत. दर आठवड्याला साधारण दहा टक्के पाणी बदलल्यास वाढत्या खाऊमुळे होणारा कचरा आटोक्यात राहतो. मात्र नवे पाणी तापमान आणि क्षारतेने जुन्याशी जुळणारे हवे.

क्लाऊनफिशला सोबत ठेवावे का?

निसर्गात हे नाते दोघांच्या फायद्याचे आहे. ॲनिमोन माशाला शत्रूंपासून वाचवतो, मासा ॲनिमोन कुरतडणाऱ्यांना हुसकावतो. माशाच्या उत्सर्जनातील अमोनिया ॲनिमोन आणि त्यातील शैवालांसाठी खत ठरतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. पण पांढरा पडलेला, आकसलेला ॲनिमोन आणि त्यात दिवसभर अंग घासणारी मोठी, आक्रमक जोडी हे जमत नाही. माशांच्या धसमुसळेपणामुळे ॲनिमोन उघडतच नसेल तर मासे काही आठवडे वेगळे ठेवावेत. लहान, शांत मासा असेल आणि ॲनिमोन फुललेला राहत असेल तर वेगळे करण्याची गरज नाही.

क्लाऊनफिशला जगण्यासाठी टाकीत ॲनिमोन लागतोच असेही नाही. शिकारी मासे नसलेल्या टाकीत तो ॲनिमोनशिवाय वर्षानुवर्षे आनंदाने राहतो. त्याच्यासाठी म्हणून घाईने ॲनिमोन आणण्याचे काही कारण नाही.

माशांवर पांढरे ठिपके आले तर उपचार नेहमी वेगळ्या टाकीत करावेत. या रोगावर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे ॲनिमोनसाठी विष आहेत. काही अनुभवी मंडळी संसर्ग झालेल्या ॲनिमोनसाठी वेगळ्या टाकीत प्रतिजैविके वापरतात. पण जाणकार पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय आणि मुख्य टाकीत तर मुळीच हा प्रयोग करू नये. टाकीतील उपयुक्त जिवाणू मेले तर अमोनिया वाढून सगळेच संकटात येते.

सुधारणा होत आहे हे कसे कळते?

रंग येण्याआधी वागणे सुधारते. पाय घट्ट बसतो, तोंड मिटते, स्पर्शक चिकट होतात आणि खाऊ बाहेर टाकणे थांबते. त्यानंतर काही आठवड्यांनी स्पर्शकांच्या बुंध्याशी आणि तोंडाभोवती चहाच्या डागासारखी फिकट तपकिरी छटा दिसू लागते. अनेकांना हा रोग वाटतो. पांढराशुभ्र ॲनिमोन ‘मळला’ म्हणून तक्रार केली जाते. खरे तर तीच बरे होण्याची खूण असते. छटा गडद होऊ लागली की खाऊचे प्रमाण हळूहळू आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी करता येते.

उलट बाजूही माहीत हवी. तोंड सतत आ वासलेले, ऊती विरघळून लिबलिबीत झालेल्या, पाणी गढूळ आणि पाण्याबाहेर काढताच सडका वास अशी अवस्था आली तर ॲनिमोन गेला आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे. तेव्हा थांबू नये. तो पाण्याखालीच एखाद्या डब्यात घेऊन बाहेर काढावा, मोठ्या प्रमाणावर पाणी बदलावे, सक्रिय कोळसा वापरावा आणि पुढचे काही दिवस अमोनिया रोज तपासावा. ॲनिमोन हाताळताना हातमोजे घालावेत. विशेषतः कार्पेट ॲनिमोनचा दंश त्वचेवर चांगलाच जाणवतो.

मग आजारी ॲनिमोन ‘वाचवण्यासाठी’ विकत घ्यावा का?

हा प्रश्न अनेकांना दुकानातच पडतो. दया येते, किंमतही उतरवलेली असते. पण पांढरा ॲनिमोन विकला गेला की त्या जागी दुसरा मागवला जातो. नवी, सहा महिन्यांहून कमी वयाची टाकी असलेल्यांनी तर हा मोह टाळावाच. अशा टाकीत निरोगी ॲनिमोनही टिकणे अवघड असते, मग आजाऱ्याचे काय? ज्यांची टाकी जुनी, स्थिर आहे, पाणी तपासण्याची साधने आहेत आणि सहा महिने चिकाटी धरण्याची तयारी आहे, त्यांनीच हे काम हाती घ्यावे.

नवा ॲनिमोन घ्यायचाच असेल तर टाकीत विभाजन होऊन वाढलेला बबल टिप हा सर्वांत शहाणपणाचा पर्याय. हा ॲनिमोन स्वतःचे उभे दोन भाग करून वाढतो. त्यामुळे एका छांदिष्टाकडून दुसऱ्याकडे जाणारी पिल्ले सहज मिळतात, प्रवासाचा ताण कमी असतो आणि समुद्रातून नवा जीव उचलावा लागत नाही. ‘सोबत प्रवाळाचा तुकडाही देतो’ असे कोणी म्हणाले तर मात्र नकार द्यावा. भारतात प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर दिसणारे ॲनिमोनही पाहण्यासाठी आहेत, घरी नेण्यासाठी नाहीत.

समुद्रातही हेच घडते आहे का?

घरच्या टाकीत जे एका ॲनिमोनला होते, ते समुद्रात मोठ्या प्रमाणावर घडत आहे. २०१६ च्या एल निनोच्या काळात फ्रेंच पॉलिनेशियातील मूरिया बेटाजवळ क्लाऊनफिशच्या जोड्यांचा अभ्यास सुरू होता. ज्यांचे ॲनिमोन पांढरे पडले, त्या माशांत ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण वाढले आणि अंडी घालण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांनी घटले, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात आढळले. २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत तांबड्या समुद्रात अभ्यासलेल्या प्रवाळभित्तींवर सर्वच ॲनिमोन पांढरे पडले आणि त्यांतील ९४ टक्क्यांहून अधिक क्लाऊनफिश नाहीसे झाले. भारतातील लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठे विरंजन अनुभवले. मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांतही विरंजनाची नोंद झाली आहे.

समुद्राचे तापमान कोणा एकाच्या हातात नाही, टाकीचे आहे. आणि ॲनिमोन हा अल्पायुषी जीवही नाही. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून आणलेला एक ॲनिमोन काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगला. त्याचे मूळ मालक जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. ‘ग्रॅनी’ या नावाने तो प्रसिद्ध होता. तो थंड समुद्रातील, वेगळ्या जातीचा होता आणि त्याला शैवालांची गरजही नव्हती. तरीही त्याची ही जवळजवळ साठ वर्षे ॲनिमोनचे आयुष्य किती लांबू शकते, याची कल्पना देतात. टाकीत आणल्यानंतर सहा महिन्यांत ॲनिमोन मेला तर त्याचे वय झाले होते, असे म्हणता येत नाही. त्याला प्रकाश, पाणी किंवा वेळ, यांतले काहीतरी कमी पडलेले असते.